फोनच्या तारेवरचे सामायिक इंटरनेट बंद होणार : ग्राहकापुढे नेमके कोणते पर्याय उरतात?

उंबरठा (धागाकर्ता)

आमच्या घरी फोन एका कंपनीचा आहे आणि इंटरनेट दुसऱ्या कंपनीचे, पण दोन्ही एकाच तांब्याच्या जोडीवरून येतात. तार पहिल्या कंपनीच्या मालकीची आहे. दुसरी कंपनी त्या तारेचा फक्त वरचा वारंवारिता-पट्टा भाड्याने घेऊन त्यावर डीएसएल सेवा पुरवते. ही व्यवस्था गेली अनेक वर्षे विनातक्रार चालू आहे. आता इंटरनेट कंपनीचे पत्र आले आहे की तारमालक कंपनी अशा सामायिक जोडण्या बंद करत असल्यामुळे ठरलेल्या तारखेनंतर सध्याच्या स्वरूपात सेवा देता येणार नाही.

पत्रात तीन मार्ग सुचवले आहेत. पहिला, त्याच इंटरनेट कंपनीकडून फोनविना स्वतंत्र डीएसएल जोडणी घ्यावी. दुसरा, तारमालक कंपनीकडूनच फोन आणि इंटरनेट दोन्ही घ्यावे. तिसरा, सेवा बंद करून अन्यत्र जावे. 'मधल्या काळात सेवा खंडित होऊ शकते' असे एक वाक्य पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात आहे, आणि माझी झोप नेमकी त्याच वाक्याने उडवली आहे.

माझ्या गरजा अशा आहेत. आईचा जुना लँडलाइन क्रमांक टिकला पाहिजे, कारण सगळ्या नातेवाइकांकडे तोच आहे. घरातील धोक्याची घंटा त्याच फोनवरून संदेश पाठवते. मी घरूनच काम करतो आणि मला स्थिर आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, लागतो. नेमके काय बदलते आहे, कोणता मार्ग शहाणपणाचा आहे आणि कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने करावी, हे जाणकारांनी सांगावे.

तारेवरचीकसरत

फायबर घ्या आणि या कटकटीतून कायमचे सुटा. धागा संपला.

उंबरठा

फायबर आमच्या भागात अद्याप आलेले नाही. 'लवकरच येत आहे' असा फलक मात्र बराच काळ लावलेला आहे.

तारेवरचीकसरत

तो फलकही तांब्याचाच असणार.

जोडारी

मी एक्स्चेंजमध्ये जोडण्यांचे काम केले आहे, म्हणून 'सामायिक' याचा अर्थ आधी स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

आपल्या बोलण्याचा आवाज तारेवरचा अगदी खालचा पट्टा वापरतो, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. एडीएसएल, म्हणजे डीएसएलचा नेहमीचा घरगुती प्रकार, त्याच्या बरेच वर, सुमारे २६ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत चालते, आणि त्याच्या सुधारित आवृत्तीत, एडीएसएल२+ मध्ये, ही वरची मर्यादा २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळत नसल्यामुळे एकाच जोडीवर फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालू शकतात. घरी प्रत्येक फोनच्या मागे जो छोटा फिल्टर असतो, तो वरचा पट्टा फोनपर्यंत पोहोचू देत नाही. एक्स्चेंजमध्ये हेच काम स्प्लिटर करतो. खालचा पट्टा आवाजाच्या स्विचकडे जातो आणि वरचा इंटरनेट कंपनीच्या डीस्लॅमकडे, म्हणजे अनेक ग्राहकांच्या डीएसएल तारा एकत्र करणाऱ्या यंत्राकडे.

सामायिक जोडणीत ही विभागणी दोन कंपन्यांमध्ये होते. यातली मेख अशी की दुसऱ्या कंपनीची सेवा पहिल्या कंपनीच्या चालू फोनवर उभी असते. कागदोपत्री ती स्वतंत्र जोडणी नसतेच. त्या फोन क्रमांकाला चिकटवलेली ती एक जोडसेवा असते. फोन बंद झाला, थकबाकीमुळे तोडला गेला किंवा दुसऱ्या कंपनीकडे हलवला गेला, की इंटरनेटही आपोआप जाते. पत्रातले 'सेवा खंडित होऊ शकते' हे वाक्य येथून आलेले आहे.

तुम्हाला सुचवलेला पहिला मार्ग म्हणजे पूर्ण तारच इंटरनेट कंपनीने भाड्याने घेणे. त्यावर आवाजाचा पट्टा रिकामा राहतो. यालाच बहुतेक ठिकाणी नेकेड डीएसएल म्हणतात.

संथगती

जोडारी यांनी लिहिलेली मेख आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांना चांगलीच महागात पडली. लँडलाइन कोणी वापरत नाही म्हणून त्यांनी फोन कंपनीला कळवून फोन बंद केला. इंटरनेटचे बिल दुसऱ्या कंपनीला नियमित भरले जात असल्यामुळे इंटरनेट चालू राहील, असे त्यांनी गृहीत धरले होते. फोनबरोबर इंटरनेटही गेले. दोन्ही कंपन्यांनी 'आमच्या बाजूने सर्व व्यवस्थित आहे' असे सांगितले, आणि एका अर्थी दोघीही खरे बोलत होत्या. शेवटी नव्याने अर्ज करावा लागला आणि जुना क्रमांक परत मिळाला नाही.

म्हणून पर्याय कोणताही निवडा, पण फोन बंद करण्याचा अर्ज स्वतःहून देऊ नका.

नियमवाचक

या बदलांमागचा इतिहास थोडा सांगतो, कारण अशी पत्रे काही पहिल्यांदाच निघत नाहीत.

अमेरिकेत एफसीसीने, म्हणजे तेथील दूरसंचार नियामक आयोगाने, डिसेंबर १९९९ मध्ये तारमालक कंपन्यांना वरचा पट्टा प्रतिस्पर्धी कंपन्यांना स्वतंत्रपणे देणे बंधनकारक केले. अनेक राज्यांमध्ये या पट्ट्याचे भाडे शून्य किंवा शून्याच्या जवळपास ठरले, कारण तारेचा सगळा खर्च आवाजाच्या सेवेतून आधीच वसूल होत असल्याचे मानले गेले. मे २००२ मध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने हा आदेश रद्दबातल ठरवला. केबल कंपन्यांकडून मिळणाऱ्या ब्रॉडबँडच्या स्पर्धेचा आयोगाने पुरेसा विचार केला नाही, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. त्यानंतर २००३ मध्ये आयोगाने नव्या सामायिक जोडण्यांसाठी तीन वर्षांचा चढत्या भाड्याचा जिना आखला. संपूर्ण तारेच्या भाड्याच्या २५ टक्के पहिल्या वर्षी, ५० टक्के दुसऱ्या वर्षी आणि ७५ टक्के तिसऱ्या वर्षी, आणि त्यानंतर सक्ती संपली. आधीपासूनच्या ग्राहकांना तात्पुरते संरक्षण मिळाले, पण नवा ग्राहक याच दराने घ्यावा लागत असल्यामुळे स्वतंत्र कंपन्यांचे गणित कोलमडले.

युरोपीय संघाने डिसेंबर २००० मध्ये केलेल्या नियमानुसार प्रबळ कंपन्यांना पूर्ण तार आणि सामायिक तार असे दोन्ही प्रकार प्रतिस्पर्ध्यांना देणे भाग पडले, आणि तेथे ही व्यवस्था बरीच टिकली. भारतात दूरसंचार नियामकाने २००४ मध्ये तारेच्या विभागणीची शिफारस केली होती, पण त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात ती बंधनकारक न करता कंपन्यांच्या आपसातील करारावर सोडण्यात आली. परिणामी धागाकर्त्यांना आलेल्या पत्रासारखे पत्र तेथील ग्राहकाला येण्याचा प्रसंगच उद्भवला नाही, कारण त्याच्याकडे गमावण्यासाठी हा पर्याय नव्हताच.

शंकासुर

नियमवाचक यांचा इतिहास मला मान्य आहे, पण त्यातून जी सहानुभूती झिरपते आहे ती मान्य नाही. तार टाकायची एकाने, खांब उभे करायचे त्याने, पाणी शिरले की खड्डे खणायचे त्याने, आणि त्याच तारेचा सर्वांत उपयोगी पट्टा दुसऱ्याने नाममात्र भाड्यात घ्यायचा, यात न्याय कोठे आहे? आपण घातलेल्या पैशाचा लाभ प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागणार असेल, तर कोणती कंपनी फायबरमध्ये पैसा ओतेल? सामायिक जोडणी संपली याचा मला विशेष खेद वाटत नाही.

नियमवाचक

शून्य भाडे टिकणारे नव्हते, हे मीही म्हणेन. परंतु ज्या तारांविषयी आपण बोलत आहोत त्यांतील बहुतेक अशा काळात टाकल्या गेल्या जेव्हा फोन कंपनी सरकारी होती किंवा कायद्याने तिला मक्तेदारी आणि ठरावीक परतावा मिळत होता. तो खर्च त्या काळच्या ग्राहकांनीच भरलेला आहे. जोखीम न घेता मिळालेल्या संपत्तीला जोखीम घेतल्याचे बक्षीस मागणे मला पटत नाही.

दुसरे असे की केबलची स्पर्धा आहे म्हणून तारेवर स्पर्धा नको, या युक्तिवादाचा व्यवहारातला अर्थ ग्राहकाला दोन दुकाने पुरेशी आहेत असा होतो. जेथे केबलही नाही तेथे तर एकच दुकान उरते. धागाकर्ते ज्या पेचात आहेत तो नेमका हाच आहे, आणि म्हणून पत्रातला दुसरा मार्ग पहिल्या वाचनात सोयीचा वाटला तरी मी तो शेवटी ठेवला असता.

शंकासुर

ग्राहकाला सोय हवी असते, तत्त्वज्ञान नको असते. एक बिल, एक तक्रार-क्रमांक, आणि बिघाड झाला तर दोन कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवण्याचा प्रश्न नाही. एकाच कंपनीकडे सगळे असण्याचा हा फायदा आपण किरकोळ समजू नये.

संथगती

बोट दाखवण्याबाबत शंकासुर यांच्याशी सहमत आहे. सामायिक जोडणीवर आवाज खरखरू लागला की इंटरनेट कंपनी म्हणते तार खराब आहे, तारमालक कंपनी म्हणते आवाज आमच्या मर्यादेत आहे, आणि तंत्रज्ञ येऊन फक्त आवाज तपासून जातो. वरच्या पट्ट्यात काय चालले आहे हे पाहणे त्याच्या कामात बसतच नाही.

पानगळती

मी अजूनही डायल-अप मोडेमचा तो किंकाळीसारखा आवाज ऐकल्याशिवाय इंटरनेट सुरू झाले यावर विश्वास ठेवत नाही. त्या काळी फोन आणि इंटरनेट यांतील सामायिकता अगदी सोपी होती. घरात जो आधी धावेल त्याची तार.

शांतरस

मूळ प्रश्नातल्या एका बाबीकडे अद्याप कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, ती म्हणजे धोक्याची घंटा.

तांब्याच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांकडून सुमारे ४८ व्होल्टचा वीजपुरवठा तारेवरूनच मिळतो. घरातील वीज गेली तरी साधा फोन चालतो, याचे कारण हे आहे. फायबर असो वा इंटरनेटवरून चालणारा फोन, घरातील पेटी, राउटर आणि फोनचा अडॅप्टर (साधा फोन इंटरनेटला जोडणारी डबी) हे तिन्ही घरच्या विजेवर चालतात, आणि वीज गेली की सगळेच मुके होतात. घंटा, लिफ्टमधील आपत्कालीन फोन, वृद्धांच्या गळ्यातील मदत मागण्याचे बटन, हृदयाच्या यंत्राची नोंद पाठवणारे उपकरण, या सर्वांनी तारेचा तो वीजपुरवठा आणि टोनच्या आधारे संदेश पाठवण्याची पद्धत कायम राहणार असे गृहीत धरलेले असते. ब्रिटनमध्ये जुने फोनजाळे बंद करण्याची मुदत डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ पर्यंत पुढे नेण्यात आली, त्यामागे अशा मदत-बटनांवर अवलंबून असलेल्या लोकांची काळजी हे एक मोठे कारण होते. तेथील नियामकाच्या मार्गदर्शनानुसार जे ग्राहक लँडलाइनवर अवलंबून आहेत त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन क्रमांक लावता येईल अशी सोय कंपनीने पुरवली पाहिजे.

एक तास हा आकडा वाचून मला फारसे समाधान वाटले नाही. घरात वृद्ध व्यक्ती असेल तर राउटर आणि अडॅप्टर यांच्यासाठी छोटा यूपीएस घ्यावा, आणि घंटेच्या कंपनीला आधी विचारावे की तिचे यंत्र इंटरनेटवरील फोनवर चालेल का, की त्यात मोबाइल सिम बसवावे लागेल. हे काम जोडणी बदलण्यापूर्वीचे आहे.

तारेवरचीकसरत

आणि फॅक्स? फॅक्सचा विचार कोणीच करत नाही, बिचारा.

जोडारी

थट्टा बाजूला ठेवली तरी फॅक्सची अडचण खरी आहे. इंटरनेटवरून आवाज पाठवताना तो दाबून लहान केला जातो आणि त्यात आवाजाची पुडकी, म्हणजे पाठवलेले छोटे तुकडे, मागेपुढे होतात. माणसाच्या कानाला ते कळत नाही, पण फॅक्सच्या टोनला लगेच कळते. त्यासाठी टी.३८ नावाचा वेगळा प्रोटोकॉल आहे, पण तो दोन्ही टोकांच्या सेवादात्यांना चालला पाहिजे. घंटेच्या टोनचीही तीच गत होते.

उंबरठा

शांतरस, घंटेच्या कंपनीला आजच विचारले. आमचे यंत्र जुने आहे आणि त्यात सिमचा भाग बसवावा लागेल, असे उत्तर मिळाले. म्हणजे घंटेचा प्रश्न तारेपासून वेगळा झाला, हे एक बरे झाले. उरले दोन : आईचा क्रमांक आणि माझे काम. मोबाइलच्या जाळ्यावर चालणारे घरगुती इंटरनेट घ्यावे असाही एक सल्ला बाहेरून मिळाला आहे. त्याचा कोणाला अनुभव आहे का?

कवडसा

मी तेच वापरते. राउटर खिडकीजवळ ठेवला की वेग डीएसएलपेक्षा बराच जास्त मिळतो, पण तो दिवसभर सारखा राहत नाही. रात्री सगळे घरी आले की टॉवरवर गर्दी होते आणि चित्र-संभाषण अडखळू लागते.

तुमच्यासाठी मोठी अडचण स्थिर आयपीची असेल. मोबाइल जाळ्यावर बहुधा असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे उभे केलेले असतात. तुमच्या राउटरला मिळणारा पत्ता १००.६४ पासून सुरू होत असेल तर समजावे की तो खास याच कामासाठी २०१२ मध्ये राखून ठेवलेल्या गटातला आहे. बाहेरून तुमच्या घरातील यंत्रापर्यंत थेट पोहोचता येत नाही. काही कंपन्या वेगळा करार केल्यास सार्वजनिक पत्ता देतात, पण तो गृहीत धरू नका आणि लेखी विचारून घ्या.

पाऊलवाट_उत्तर

उपग्रहाचा पर्याय यादीत असावा म्हणून लिहितो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. संदेश जाऊन उत्तर येईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो, त्यामुळे संभाषणात दोघेही एकाच वेळी बोलतात आणि मग दोघेही एकाच वेळी थांबतात. खालच्या कक्षेतील, म्हणजे साधारण ५५० किलोमीटरवरील, उपग्रहांमध्ये हा दोष जवळजवळ राहत नाही, पण आकाशाचा मोकळा तुकडा आणि सतत वीज लागते. डीएसएल चालू असताना केवळ या पत्राच्या धास्तीने तिकडे वळावे असे मला वाटत नाही.

जोडारी

पर्यायांची यादी लांबत चालली आहे, म्हणून उंबरठा यांना एक विनंती करतो. मोडेमच्या पानावर 'लाइन अॅटेन्यूएशन' आणि 'एसएनआर मार्जिन' असे दोन आकडे असतील, ते येथे लिहा. पहिला तारेत संदेश किती क्षीण होतो ते सांगतो, दुसरा गोंगाटापुढे किती राखीव जागा उरते ते. स्वतंत्र डीएसएलकडे जाण्यात अर्थ आहे का, हे पत्रापेक्षा ते आकडे अधिक प्रामाणिकपणे सांगतील.

उंबरठा

डाउनस्ट्रीमसाठी अॅटेन्यूएशन ४१ डेसिबल आणि मार्जिन ७ डेसिबल दिसते.

जोडारी

४१ डेसिबल म्हणजे तारेची लांबी ढोबळमानाने तीन किलोमीटर. एडीएसएल२+ चा कागदावरचा कमाल वेग २४ मेगाबिट असला तरी तो एक्स्चेंजच्या जवळच्यांनाच मिळतो. तुमच्या अंतरावर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळत असावा. मार्जिन सहाच्या वर आहे, म्हणजे तार स्थिर आहे. व्हीडीएसएल२ या अधिक वेगवान प्रकाराचा फायदा तार साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत असेल तरच जाणवतो. म्हणून रस्त्यावरील कॅबिनेटमध्ये व्हीडीएसएलची यंत्रणा बसवलेली आहे का, हे विचारा. ती असेल तर अंतर एक्स्चेंजपासून न मोजता त्या कॅबिनेटपासून मोजायचे आणि मग चित्र पूर्ण पालटते.

आता नेकेड डीएसएलबाबत दोन इशारे, जे कोणतीही कंपनी पत्रात लिहीत नाही.

पहिला : जोडीवर फोन नसेल तर त्यावर डायल टोन येत नाही. नव्या जोडणीसाठी मोकळी जोडी शोधणारा तंत्रज्ञ खांबावरील पेटीत तपासणीचा फोन लावतो, टोन ऐकू आला नाही तर जोडी रिकामी समजतो आणि दुसऱ्या कोणाला देऊन मोकळा होतो. तुमचे इंटरनेट मग काहीही कारण नसताना भर दुपारी मरते. जोडणी होताना तंत्रज्ञाला पेटीत त्या जोडीवर 'डेटा' अशी चिठ्ठी लावायला आवर्जून सांगा.

दुसरा : फोनच्या तारेतून थोडा एकदिश प्रवाह वाहत असतो, आणि जुन्या पिळलेल्या सांध्यांवर चढणारा गंजाचा पापुद्रा तो प्रवाह फोडत राहतो. फोन काढला की प्रवाह थांबतो आणि कालांतराने सांधे कुरकुरू लागतात. यासाठी काही ठिकाणी काही मिलिअँपिअरचा प्रवाह मुद्दाम सोडला जातो. तुमची कंपनी तो सोडते का, हे विचारून ठेवा. उत्तर देणाऱ्याला प्रश्न कळला नाही तर तो वरिष्ठांकडे पाठवायला सांगा.

पानगळती

तार कोणी वापरत नसेल तर कुरकुरते, हे वाचून सेवानिवृत्त मंडळींना आपलाच उल्लेख झाल्यासारखे वाटेल.

शंकासुर

जोडारी यांचे दोन्ही इशारे माझ्याच बाजूचे आहेत असे मी म्हणतो. तारमालक कंपनीकडे फोन आणि इंटरनेट दोन्ही असेल तर टोनही राहतो आणि प्रवाहही राहतो.

नियमवाचक

आज राहतो, पण तो किती काळ राहणार हा प्रश्न आहे. सामायिक जोडणी बंद करणारी कंपनी बहुधा आवाजाचे जुने स्विचसुद्धा बंद करण्याच्या मार्गावर असते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून जुन्या पद्धतीच्या फोन जोडण्यांची नवी विक्रीच थांबवण्यात आली, आणि तांबे असले तरी त्यावरून फक्त डेटा देऊन फोन राउटरमधून चालवण्याची पद्धत आली. जर्मनीतही आवाज असाच इंटरनेटवर हलवला गेला. नॉर्वेतील प्रमुख कंपनीने तर २०२२ अखेरीस आपले तांब्याचे जाळेच मिटवले. तेव्हा दुसरा मार्ग घेऊन आज जो टोन मिळेल तो काही काळाने जाईलच, आणि त्या वेळी ग्राहक त्या कंपनीच्या नव्या कराराच्या मध्यावर असेल.

म्हणून दोन प्रश्न विचारावेत. त्या एक्स्चेंजवरील आवाजाची सेवा आणि तांबे निवृत्त करण्याची तारीख जाहीर झाली आहे का? आणि झाली नसेल तर, तशी ती झाल्यास करार दंडाविना मोडता येईल का? युरोपीय संघाच्या २०१८ च्या दूरसंचार संहितेनुसार कंपनीने करारात एकतर्फी बदल केल्यास, तो ग्राहकाच्या फायद्याचा, निव्वळ प्रशासकीय किंवा कायद्याने लादलेला नसेल तर, ग्राहकाला दंड न भरता बाहेर पडता येते आणि बदलाची सूचना किमान एक महिना आधी द्यावी लागते. तेथे सेवा बंद केल्यानंतरही किमान एक महिना क्रमांक दुसरीकडे नेण्याचा हक्क असतो. इतर ठिकाणचे नियम निराळे असतील, पण याच दोन कलमांचा स्थानिक अवतार शोधून वाचावा.

शंकासुर

कराराच्या मुदतीचा मुद्दा मला मान्य आहे. दुसरा मार्ग घ्यायचा असेल तर लांब मुदतीचा करार करू नये, इतकी दुरुस्ती मी माझ्या मतात करतो. एक बिल बरे, यावर मात्र ठाम आहे.

कवडसा

आणखी एक छोटी गोष्ट. इंटरनेट कंपनीने दिलेला ईमेल पत्ता वापरत असाल तर कंपनी सोडण्यापूर्वी बँक, विमा, कर या ठिकाणी पत्ता बदलून घ्या. सेवा बंद झाली की पासवर्ड बदलण्याचे दुवे त्याच मृत पेटीत येत राहतात.

उंबरठा

सर्वांचे आभार. दोन्ही कंपन्यांशी बोललो. कॅबिनेटमध्ये व्हीडीएसएल नाही आणि तांबे निवृत्त करण्याची तारीख अद्याप जाहीर झालेली नाही. आमची इंटरनेट कंपनी स्वतंत्र जोडणीवर सध्याचाच वेग आणि तोच स्थिर आयपी पत्ता द्यायला तयार आहे, आणि मासिक करारावर. तेव्हा मी पहिल्या मार्गाकडे झुकलो आहे. आईचा क्रमांक इंटरनेट फोनच्या सेवेकडे पोर्ट करून अडॅप्टरमार्फत तिच्या जुन्याच फोनवर वाजवायचा विचार आहे.

पण येथे एक गाठ आहे, ती मला सुटत नाही. क्रमांक पोर्ट केला की जुना फोन बंद होतो. जुना फोन बंद झाला की सामायिक इंटरनेट जाते. आणि इंटरनेट नसेल तर पोर्ट झालेला क्रमांक वाजणार कशावर?

जोडारी

गाठ बरोबर ओळखली. ती घरात येणाऱ्या केबलवर सुटते.

घरात येणाऱ्या केबलमध्ये पुष्कळदा एकाहून अधिक जोड्या असतात आणि त्यांतली एकच वापरात असते. दुसरी जोडी धड असेल तर इंटरनेट कंपनीला 'सध्याच्या जोडीचे रूपांतर नको, नव्या जोडीवर नवी जोडणी द्या' असे अर्जातच लिहून द्या. ती जोडणी सुरू होऊन काही दिवस नीट चालेपर्यंत जुन्या फोनला आणि जुन्या इंटरनेटला हात लावू नका. त्यानंतर अडॅप्टर तात्पुरत्या क्रमांकावर चालवून पाहा, आणि मगच आईचा क्रमांक पोर्ट करायला द्या. पोर्ट पूर्ण झाला की जुना फोन आणि त्यावरची सामायिक सेवा आपोआप संपतील, आणि त्या वेळी तुम्हाला त्यांची गरज उरलेली नसेल. थोडे दिवस दोन्हीकडचे बिल येईल, ते सोसावे.

दुसरी जोडी नसेल तर त्याच जोडीचे रूपांतर होईल आणि थोडा खंड पडणे अटळ आहे. तेव्हा पोर्ट आणि रूपांतर यांची तारीख एकच ठरवण्याचा आग्रह धरा, आणि त्या काळापुरते काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवण्याची तयारी ठेवा. आईच्या क्रमांकावरचे फोन आधीच मोबाइलकडे वळवून ठेवता आले तर पाहा, पण पोर्ट होताना ते वळवणे तुटते हे लक्षात असू द्या.

संथगती

नव्या जोडीवर नवी जोडणी घेणाऱ्या एकांच्या घरी मी हाच क्रम पाहिला आहे. खंड पडला नाही. फक्त नवी जोडी भिंतीतल्या ज्या खोक्यात आली होती ते खोके कपाटामागे होते आणि कपाट हलवायला चौघे जण लागले.

उंबरठा

आमच्या खोक्यात दोन तारा वापरात आहेत आणि दोन गुंडाळून ठेवलेल्या आहेत, म्हणजे दुसरी जोडी असावी. अर्जात तसे लिहून देतो. शेवटचा प्रश्न : फोन तारेवरून गेल्यावर घरातले फिल्टर काढायचे का? आणि आईच्या खोलीतला फोन सध्याच्या भिंतीतल्या वायरिंगवरच चालवता येईल का, की अडॅप्टरपासून वेगळी वायर ओढावी लागेल?

जोडारी

फिल्टर काढून टाका. नव्या जोडीवर आवाजच नसल्यामुळे मोडेम थेट पहिल्या खोक्याला जोडायचा. जुन्या वायरिंगच्या फांद्या त्याला जोडू नका, त्यांतून गोंगाट शिरतो आणि तुमचे ते ७ डेसिबलचे मार्जिन कमी होते.

भिंतीतले वायरिंग आईच्या फोनसाठी वापरता येईल, पण एक अट पाळा. अडॅप्टर त्या वायरिंगला जोडण्यापूर्वी ते बाहेरून येणाऱ्या जुन्या जोडीपासून खोक्यात पूर्णपणे सोडवा आणि सुटी टोके वेगवेगळी टेपने बंद करा. अडॅप्टर स्वतः फोनला वीज देतो. बाहेरच्या जोडीवर एक्स्चेंजची वीज अजून चालू असेल आणि दोन्ही एकत्र आल्या, तर अडॅप्टर जळतो. जोडी सोडवल्यावर आईच्या खोलीतल्या सॉकेटला साधा फोन लावून ऐका. अगदी काहीही ऐकू आले नाही तरच अडॅप्टर जोडा.

उंबरठा

समजले. अर्ज आज पाठवतो आणि जोडणी झाली की मार्जिनचा नवा आकडा येथे लिहितो.

तारेवरचीकसरत

तोवर फायबर आले तर?

उंबरठा

म्हणूनच करार मासिक घेतला आहे.